देवी नव्हे, गारठा

माझ्या शुद्धलेखनाला हसू नका. चौथीत गुरुजी म्हणायचे, हिची अक्षरं म्हणजे भिजलेल्या कोंबड्या. वाचता आली तर वाचा.

घटाच्या दिवसांत (नवरात्रात) आम्ही सात बायका पाथर्डीहून जीपने कळसूबाईला निघालो. आमच्याकडे पाणी टँकरने येतं. तिकडे ढगच अंगावर चालून आले. माझ्या थोरल्या जाऊबाई, कौसाक्का, कडक उपवासात आणि अनवाणी. अर्ध्या डोंगरातच सगळ्या निथळत होतो. वारा असा, की पदर धरावा की लोखंडी शिडी, कळेना.

चहाच्या झापापाशी (झोपडीपाशी) आक्का कुडकुडत होत्या. मग थरथर एकदम थांबली. झोकांड्या खात, जड जिभेनं "लई उकडतंय" म्हणत त्या ओली साडी फेडू लागल्या.

"अंगात आलं!" शेजारची शेवंता ओरडली. लगेच हळदकुंकू, पायांवर डोकी, ओटीत नोटा.

"आई, माझ्या पोराचं लगीन कवा?" शेवंतानं विचारलं.

"म्हशीला पेंड घाला," देवी म्हणाली.

मीही पाया पडले. पाय गार. पोटाला हात लावला, तेही गार. आमचं करडू असंच थरथरायचं थांबलं होतं, आणि तासाभरात मेलं होतं. मी चारचौघींत तोंड उघडत नाही; पण ओरडलेच, "देवी न्हाई! करडासारख्या गारठल्यात त्या!"

"गप गं, कोप हुईल!"

चहावाली बाई धावत आली. "खरं बोलतीया ती. आत घ्या. वलं काढा."

शेवंता हातपाय चोळायला बसली, तशी बाई खेकसली, "चोळू नको! आधी छाती-पोटाला ऊब दे."

मी कोरडी होऊन आक्कांना घोंगडीत बिलगले. बावीस वर्षांत जावेला एवढी मिठी मारली नव्हती. नीट गिळता यायला लागल्यावर गोड चहा घोटघोट पाजला. थरथर परत आली, तेव्हा मी रडले.

"सरक गं, लई जड हायेस," आक्का म्हणाल्या.

डोलीतून डोंगर उतरवून त्यांना डॉक्टरांना दाखवलं. परतीच्या जीपमध्ये शेवंता म्हणाली, "देवी नव्हती, तर आमचे पैसे?"

"माझ्या पाया पडलात, त्याचं काय न्हाई व्हय?" आक्का म्हणाल्या.

भांडत घरी पोचलो. आता कुणाच्या अंगात आलं, की मी आधी पोट चाचपते. बायका चिडतात, चिडोत.

आक्कांनी एकेकीचे पैसे फेडले. शेवंताचे एक्कावन्न तेवढे अडवले. पेंड घातल्यावर तिची म्हैस जास्त दूध देत होती. दिवाळीला मात्र तेही तिच्या हातावर मोजले.

"घे. देवी न्हाई, करडूच हुते मी."