ओठ लावून प्यायचा प्याला

माझं माहेर सांगलीचं. तिथल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या विधीला, प्रत्येकाच्या हातात अंगठ्याएवढा काचेचा पेला येई. आपला पेला, आपला घोट. उष्ट्याचा प्रश्नच नाही. दुसरी मोठी लढाई संपता संपता लग्न होऊन मी मेढ्याकडच्या डोंगरात आले आणि पहिल्याच प्रभुभोजनाला समोर आला एकच भलाथोरला प्याला. सगळे त्यालाच ओठ लावत होते. मी शहाणी! तांब्यातलं पाणी प्यावं तसा प्याला वर धरला आणि धार सोडली. काळ्या मनुकांचा तो तांबूस रस निम्मा नाकात गेला, निम्मा लग्नातल्या पांढऱ्या लुगड्यावर.

"सांगलीच्या वैनी प्याल्या न्हाईत, न्हाल्या!" देवळाबाहेर दीर म्हणाले. आता माझी मुलंही तेच म्हणतात.

खरं तर वरून प्यायची शिस्त सासूबाईंचीच. घरात कुणाचा ओठ तांब्याला लागला की तो तांब्या राखेनं घासला जाई. नवऱ्याच्या ताटातलंसुद्धा त्या कधी खात नसत.

त्याच साली धाकट्या वन्सं पाचगणीहून परतल्या. छातीच्या दुखण्यानं त्या तिथल्या दवाखान्यात होत्या. आता बऱ्या आहेत, कुणाला धोका नाही, असं सांगून डॉक्टरांनी पाठवलं होतं. विश्वास नव्हता तो खुद्द वन्संना. स्वतःचा पेला त्या खिडकीत वेगळा ठेवत. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "मी आपली मागं बसंन. प्याला न्हाई घ्यायची."

सासूबाई भाकरी थापत होत्या. "प्रभूच्या त्या शेवटल्या रातीला पंगतीत दगा देणारा बी बसला हुता. त्येच्यासाठी प्रभूनं येगळा पेला मांडला हुता व्हय गं?"

"आवं आई, त्यो दगा देणारा हुता. त्येला खोकला नव्हता."

मला फस्सकन हसू आलं. सासूबाई हसल्या नाहीत. तव्यावरची भाकरी मात्र करपली, आणि त्यांच्या हातून भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

रविवारी त्यांनी लेकीला हाताला धरून पुढं नेलं. गुडघे टेकले ते असे: वन्सं, सासूबाई, मग मी. प्याला आला तसा वन्संनी तो तोंडापासून चांगला वर धरला. अगदी माझीच तऱ्हा! पण मी धरला होता स्वतःला जपायला, आणि ही बाई आम्हाला जपत होती.

"ओठ लाव, पोरी," सासूबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

वन्संनी ओठ लावले. प्याला देणारे पाळकसाहेब रिवाजाप्रमाणे पांढऱ्या फडक्यानं कड पुसायला लागले, तोच सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. पुसू नगा."

आणि लेकीचे ओठ लागलेली ओली कड आपल्याकडे फिरवून त्या प्याल्या. शेजारी वन्सं हुंदके देत होत्या.

एका प्याल्यातून सगळ्यांनी का प्यायचं, यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. ख्रिस्ताचं रक्त सगळ्यांसाठी सांडलं, म्हणून सगळे एकाच घरचे, असं पाळक समजावतात. खरंच आहे ते. पण मला ते समजलं राखेनं तांब्या घासणाऱ्या बाईकडून.

मग प्याला माझ्यापुढं आला. कड अजून ओलीच होती. पलीकडून दीर टक लावून बघत होते, आता वैनी पुन्हा न्हातात की काय म्हणून. मी त्याच कडेला ओठ लावले. लुगड्यावर थेंबही सांडला नाही.