वाइमोआना आत्यांनी मंजूर केलेली माफी

वाइमोआना आत्यांना आयुष्यात कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. याला त्यांचा स्वभाव कमी आणि जन्म जास्त कारणीभूत. भावांमध्ये त्या एकट्या बहीण, आणि आमच्या टोंगा बेटांवर भावाच्या घरी बहिणीचा शब्द शेवटचा. भाच्यांची नावं त्यांनीच ठेवली. एका भाचीचं ठरलेलं लग्न त्यांनी भर जेवणात मोडलं, तेव्हा नवऱ्या मुलाच्या बापानेच डुकराचा उत्तम तुकडा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. एरवी बाई साधी. बाजारात रताळी विकायच्या. वाट्यावर एक रताळं जास्तीचं टाकायच्या, आणि गिऱ्हाइकाने आभार मानले नाहीत तर ते शांतपणे परत काढून घ्यायच्या. घेण्या-देण्याची रीत त्यांच्याइतकी कोणी पाळली नसेल.

त्यांचा भाऊ केपुएली ऑकलंडला वारला. सोमवारी सकाळी दफन ठरलं. मयताच्या डोक्याशी बसायचा मान आत्यांचा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पेटीवर झाकण बसत नाही.

शुक्रवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. काळे कपडे, कमरेला रीतीप्रमाणे बांधलेली शोकाची जाड चटई, आणि सामानात मयताच्या घरी द्यायच्या भारी चटयांची अशी गुंडाळी की ती उचलायला मला दोन हमाल बोलवावे लागले. विमान उडालं, समुद्रावर हिंडलं आणि परत आलं. एंजिनात कसलासा दिवा लागला म्हणे, किंवा लागायचा तो लागला नाही.

मी पुन्हा न्यायला गेलो तर आत्या म्हणाल्या, "मास्तर, एवढी पुस्तकं वाचलीत, एक विमान उडवता येत नाही तुम्हाला?"

"उडवता येतं, आत्या. उतरवण्याचा धडा वाचायचा राहिलाय."

"मग गप गाडी चालवा."

दुसरं विमान शनिवारी संध्याकाळी मिळणार होतं. ते चुकलं तर सगळंच चुकलं, कारण रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे विमानच काय, पावाची भट्टीसुद्धा दुपारपर्यंत थंड असते; आणि सोमवारचं विमान पोहोचेपर्यंत केपुएली मातीखाली. म्हणून शनिवारी सकाळपासूनच आम्ही विमानतळावर ठाण मांडून बसलो. दुपारी मी खायला आणायला गेलो. परत आलो तर आत्यांच्या चेहऱ्यावर समाधान.

"विमान कंपनीने माफी मागितली," त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"ती काउंटरवरची पोरगी. लेसिएली. अशी खाली बसून बोलली. म्हणाली, आजी, तुम्हाला फार त्रास झाला, कंपनी तुमचे सगळे पैसे परत देतेय, घ्याल ना?"

"मग?"

"मग काय? मयताच्या दिवसांत माफी मागायला आलेल्याला परत पाठवायचं? मालो म्हटलं, आभारी आहे म्हटलं, आणि तिच्या हातातल्या त्या काचेच्या पाटीवर बोट टेकवलं. उदार आहेत हो. पैसेही परत आणि न्यायचंही फुकट."

शेवटच्या वाक्याला मी उकडलेल्या कसावाच्या कंदाचा तुकडा तोंडाशी नेता नेता थांबलो. पण मी दुसरा तुकडा त्यांच्यापुढे केला. आपल्याला वाटतं तसं नसेलही, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसाला असं पुष्कळ वाटतं.

संध्याकाळी नावं पुकारली. सगळी झाली, आत्यांचं आलंच नाही. आत्या उठून, चटई सारखी करून, लेसिएलीसमोर उभ्या राहिल्या.

लेसिएलीने पडद्यावर पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आजी, तुम्ही पैसे परत घेतलेत."

"हो, बाळ. माफ केलं मी तुम्हाला."

"म्हणजे... तिकीट रद्द झालं. पैसे घेतले की जागा सुटते. तुमची जागा दुसऱ्याला गेली."

आत्या हसल्या. त्यांना ही थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. बाजारात, चर्चमध्ये, चक्रीवादळात, कुठेही मी त्या बाईला असं पाहिलं नव्हतं. मारलं नसताना मार बसल्यासारखं.

"मी माफी घेतली," त्या हळू म्हणाल्या. "माफी घेतली की भांडण मिटतं. मग एकत्र जेवतात. हाकलून कोण देतं?"

कंपनीच्या मते माफी घेतली की नातं मिटतं. हे लेसिएलीने कोणाला सांगितलं नव्हतं. तिलाही ते शिकवताना कोणी नीट सांगितलं नसावं, कारण ती पुन्हा पुन्हा पडद्याकडेच बघत होती.

मागून एक धिप्पाड गृहस्थ पुढे आला. "माझी जागा घ्या, आत्या. मी काय, मुलीकडे मटण खायला चाललोय. तिचा नवरा उलट खूष होईल."

"तिकीट नावाचं असतं," लेसिएली म्हणाली. "तुम्ही उतरलात तर जागा थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्याला जाते. आजींचं नाव आता यादीच्या शेवटी."

"अगं, भाऊ मेलाय तिचा!"

"मला दिसतंय हो, काका!" असं म्हणून ती पोरगी रडायलाच लागली. आत्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ते पाहून मी जास्त हादरलो.

दार बंद झालं. चटयांची गुंडाळी परत आली. या वेळी ती मी एकट्याने उचलली, कशी ते ठाऊक नाही.

गाडीत बसल्यावर आत्यांचा फोन वाजला; त्यांनी तो स्पीकरवर घेतला. केपुएलीची थोरली मुलगी, एलेनोआ. "आत्या, बसलात का विमानात?"

"नाही."

"मग सोमवारचं दफन आम्ही पुढे ढकलतो. हॉलवाल्याला सांगते. सिडनीवाल्या नातेवाइकांना थांबवते."

"थांबतील?"

सिडनीवाल्यांची रजा संपत होती. दफनभूमीतली वेळ पुन्हा कधी मिळणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी आत्यांनी 'थांबा' म्हटलं असतं तर सगळे थांबले असते. या बाईला कोणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"एलेनोआ," त्या म्हणाल्या, "सोमवारी झाकण लावा."

"तुमच्याशिवाय?"

"मी सांगतेय म्हणून."

"आणि डोक्याशी? डोक्याशी कोण बसणार, आत्या?"

आत्यांनी काचेबाहेर पाहिलं.

"कोणी नाही. जागा मोकळी ठेवा. कोणी विचारलं तर सांगा, आत्याची आहे."