दातांची गाडी

घरी पाहुणे आले की मला माझ्या लग्नाची गोष्ट सांगायला लावतात. गोष्टीतला मूर्ख मीच असल्यामुळे ती सगळ्यांना फार आवडते.

लग्न पुलगावला लागलं आणि वरात छोट्या रेल्वेगाडीने आर्वीला निघाली. तेव्हा ती गाडी चालू होती, म्हणजे चालू आहे असं लोक म्हणत. रोहण्याजवळ ती इतकी हळू व्हायची की माणसं खाली उतरून, काम आटोपून पुन्हा चढत. बाजूला बोरी लगडलेल्या. नव्या नवरीपुढे मर्दुमकी दाखवायची होती, म्हणून तिच्या पदराशी गाठ मारलेला माझा दुपट्टा तिच्याच मांडीवर ठेवला आणि उतरलो. नेमका त्याच दिवशी गाडीला वेग आला.

आर्वीच्या फलाटावर आई ओवाळायचं ताट घेऊन उभी. "नवरा कुठी हाय वं?"

"बोरं आनाले उतरले," नवरीने सांगितलं आणि पदराला बांधलेला रिकामा दुपट्टा दाखवला.

मी संध्याकाळी कोणाच्या तरी बैलबंडीत बसून पोचलो, खिशात बोरं घेऊन. बायको म्हणाली, "मले उटीच्या दातवाल्या गाडीत बसवा. थे पहाड चढते म्हनतात. तिथं तरी मंधात उतरान नाई." शाळेत असताना तिने त्या गाडीचं चित्र पाहिलं होतं.

मी कबूल केलं आणि मग वाचत राहिलो. पहाड इतका उभा, की साधी चाकं घसरतील. म्हणून इंग्रजांच्या काळात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या. इंजिनाखालचं दातेरी चाक त्यांत रुतत रुतत वर जातं, आणि इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं. या गाडीचा बेत म्हणे कित्येक वर्षं कागदावरच पडून होता. हे मी बायकोला मुद्दाम ऐकवलं. "पाय, इंग्रजाईलेही येळ लागला."

"त्याईनं शेवटी बांधली तरी."

आधी पोरींची शिक्षणं, मग त्यांची लग्नं, मग दर साली सोयाबीन. मग तिचं दुखणं. डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागले तेव्हा मी तिकिटं काढली.

डब्यात बसल्याबरोबर तिने माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक पदराला बांधलं. "आता उतरून दाखवा."

अर्ध्या चढावर गाडी पाणी प्यायला थांबली. तिनेच गाठ सोडली. "जा, दात पाहून या. मले उतरवत नाई. बोरं नका पाहू मात्र."

मी वाकून पाहिलं. तेलाने काळे झालेले दात, एकापुढे एक. एकदा चाक रुतलं की गाडी मागे घसरत नाही, हे बघून मला उगाच धीर आला. तेवढ्यात शिट्टी झाली. पन्नाशी उलटलेला मी धावलो, एक चप्पल खालीच राहिली, कोणीतरी दंडाला धरून आत ओढलं. ती हसली, खोकला येईपर्यंत हसली. "तुमाले गाडी कधी समजलीच नाई."

थोड्याच महिन्यांनी ती वर्ध्याच्या दवाखान्यात होती. एका दुपारी म्हणाली, "जा, चहा घिऊन या. सकाळपासून काई घेतलं नाई तुमी."

"राहू दे."

"जा ना. मी कुठी चालली?"

मी खाली उतरलो. चहावाल्याने विचारलं, पेशंट कोण? बायको, म्हणालो, आणि सवयीने लग्नाची गोष्ट सुरू केली. तो पोट धरून हसत होता. त्याला बैलबंडीपर्यंत आणलं, मगच ग्लास उचलला.

वर दारात थोरली पोरगी उभी होती. तिने माझ्या हातातला चहा घेतला आणि खिडकीत ठेवला. मग मला दंडाला धरून आत नेलं.

पाहुणे अजूनही येतात, अजूनही गोष्ट मागतात. मी सांगतो. फलाटावर नवरी एकटी उतरते, रिकामा दुपट्टा दाखवते. पुढची बैलबंडी मला आता सांगता येत नाही. पाहुणे हसायचे थांबतात, आणि पोरी त्यांना म्हणतात, "येवढीच हाय गोष्ट."