दैवशालाच्या तोंडातले खिळे

गुरुवार, १६ जानेवारी २०२५. सकाळी थंडी. नळाला पाणी नाही. दैवशाला जेवण करून आली, खुर्चीची जुनी गादी उसवली. दुपारी तिने खिळा गिळला. एक्स-रे काढला. खिळा पोटात आहे.

त्या दिवशी वहीत याहून जास्त लिहवले नाही. उरलेले आता लिहिते.

दैवशाला पेडगावची. नवरा आश्रुबा दरसाल ऊसतोडीला जातो. लग्नानंतरच्या हंगामात तीही गेली होती. मोळ्या वाहून पाठ धरली, ती कायमची. तेव्हापासून मुले सासूजवळ ठेवून ती परभणीत खोली घेऊन राहते आणि रिक्षांच्या सीटा शिवते. स्टँडामागच्या दुकानातल्या चाचांनी तिला रेक्झिन ताणायला शिकवले, आणि बारीक खिळे तोंडात धरायलाही. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, काढायचा, ठोकायचा. डावा हात रेक्झिन ताणण्यात अडकलेला असतो, म्हणून ही रीत.

खुर्ची आमच्या गल्लीतल्या पाडायला काढलेल्या बंगल्याच्या भंगारातली. वाकवलेल्या लाकडाची पाठ, बैठक रुंद. माझा जाडजूड पुतण्या शिवप्रकाश म्हणाला, ही परदेशी नावाजलेली डिझाइन आहे, पुण्याहून कातडे मागव. भाव ऐकून मी दैवशालाला बोलावले.

"कातडं कशाला, काकू? रिक्षाचं रेक्झिन लावू. दिवसभर लोकं उठत्यात-बसत्यात, तरी काय होत न्हाई त्याला."

दुपारी ती बैठकीला कड ठोकत होती. गालात खिळे, तरी तोंड चालूच. तिने विचारले, खुर्चीत बसणार कोण? मी म्हटले, "शिवप्रकाश बसला तर ती परत भंगारातच जाईल." ती हसली, आणि हसू मध्येच तुटले. हात गळ्याशी गेला. बाकीचे खिळे तिने तळहातावर थुंकले.

"काय झालं गं?"

"गेला, काकू. आत."

खिळा खाली सरकावा म्हणून ती केळे मागत होती आणि मला केळी कुठे ठेवली ते आठवेना. चपला न घालताच मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाला बुद्धभूषण तिच्या ओळखीचा निघाला. वाटेत खड्डा आला की मी तिचा दंड आवळायची. ती मात्र सीटची उसवलेली शिवण बोटाने चाचपत होती.

"भूषण, ही सीट कुणी शिवली रे? लय बेकार काम हाय."

"तुमीच शिवली की, ताई."

ती हसू लागली तशी मी ओरडले, "हसू नकोस!"

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. काळ्या-करड्यात तो खिळा इतका स्वच्छ दिसत होता की मी नजर वळवली. डॉक्टर म्हणाले, आतड्यात उतरलाय, बहुतेक आपोआप पडेल. जुलाबाचे औषध नको. पोट दुखले, उलटी झाली, रक्त दिसले, तर एक क्षण थांबायचे नाही, मग ऑपरेशन.

तिला मी माझ्याकडेच ठेवून घेतले. आश्रुबांना फोन करते म्हटले तर तिने माझा हात धरला.

"नका, काकू. मुकादम सोडायचा न्हाई त्यांना. तिथं नुसता जीव टांगणीला लागंल."

मी सारखी विचारत राहिले, दुखतंय का, दुखतंय का. "तुमी इचारून इचारूनच दुखवताल," असे म्हणत ती थट्टा करी. पण मी पाठ वळवली की तिचा हात बेंबीखाली जायचा, हे मी कपाटाच्या आरशात पाहिले होते. शुक्रवारी ती भाजी निवडता निवडता थांबली, तोंड पांढरे पडले. मी पाकीट उचलले. "वारा धरलाय नुसता," ती म्हणाली, पण कितीतरी वेळ जागची हलली नाही. मला ऑपरेशनचे टेबल दिसत होते, आणि उसाच्या फडात आश्रुबांना ही बातमी सांगणारी मी.

शनिवारी सकाळी ती मागच्या दाराने आत आली. "निघाला, काकू." डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढून खात्री केली.

रविवारी ती खुर्चीपुढे मांडी घालून बसली. मी फ्रिजवरचे लोहचुंबक काढून पुढे केले, खिळे याला चिकटव म्हटले. तिने दोन ठोकून पाहिले.

"ह्याच्यावरचा बघून उचलावा लागतो, काकू. तेवढ्यात रेक्झिन सुटतंय. तोंडातला न बघता येतोय."

"आणि पुन्हा गेला तर?"

"मलाबी भ्या वाटतंय की," ती म्हणाली, आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.

मी स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवले. तोंडात खिळे असताना तिच्याशी बोलायचे नाही, तिला हसवायचे नाही असे ठरवले. हातोडीचा आवाज चालू असेपर्यंत बरे वाटे. तो थांबला की मी धावत दारापर्यंत जाई. ती कड दुमडत असे, किंवा दोरा ओवत असे, मान वर न करता. मी परत फिरे.

त्या संध्याकाळी वहीत लिहिले: दूध दोनदा उतू गेले.