वंदू, घंटी दे वं!

आज मी रेखाताईला बंद केलं. माझ्या हातानं.

टॅबमधल्या रेखाताईला. खरी रेखाताई जाऊन आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उमरेड रोडवरून आत गेलं की एक गाव आहे, तिथं आमची दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी रेखाताईकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये एक भिंत.

नागपूरहून दोघी एकाच स्कूटीवर. जाताना मी चालवायची, येताना ती.

मागे बसली की माझ्या हेल्मेटला तोंड लावून बोलायची. नणंद, सून, मेथीचा भाव, सगळं. मला अर्धं ऐकू यायचं नाही, तरी मी "हो ना" म्हणायची.

शाळेला टॅब मिळाले तेव्हा मी जाम खूश. तयार व्हिडिओ, रंगीत चित्रं, गोड आवाजाची बाई. पोट्टे पाच मिनिटं पाहायचे, मग एकमेकांचे कान ओढायचे.

रेखाताई म्हणाली, "बाई चांगली शिकवते वं. पण आपल्या पोट्ट्यांवर ओरडत नाही. कोन ऐकन तिचं?"

मग बाईसाहेब स्वतःच सुरू झाल्या. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात टॅब माठाला टेकवायचा, पदर खोचायचा, रेकॉर्डिंग चालू.

"बाजारातली भाजीवाली मोबाइलवर पैसे घेऊन राहिली, मंग आपण काहून मागं राहाचं?"

वजाबाकीच्या पाठात ती खरोखर बोरं खाते.

"सात होते. तीन खाल्ले. ह्या पाहा बिया. आता सांगा, किती उरले?"

मग थांबते. पोट्टे ओरडतात, "चार!"

"शाब्बास! ए मांगचे, कलागत नोका करू!"

मी विचारलं, अगं, मागचे दंगा करतील हे तुला आत्ताच कसं माहीत?

"पोट्टेच हायेत ते. करतीनच."

आणि करायचेच.

प्रत्येक पाठ संपला की भिंतीकडे तोंड करून हाक मारायची, "वंदू, झालं वं माझं! घंटी दे!" घंटी माझ्या दारापाशी टांगलेली, त्यामुळे ही रोजचीच हाक. रेकॉर्डिंगमध्येही सुटली नाही. मी म्हटलं, तेवढं कापून टाकू.

"राहू दे. घंटी ऐकल्याशिवाय पोट्ट्यांले शिकल्यासारखं वाटत नाही."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी सकाळी मी तिच्या गेटसमोर हॉर्न वाजवून राहिली होती. मनात म्हटलं, या बाईची वेणी अजून झाली नाही वाटते. परत वाजवला.

तिचा मुलगा बाहेर आला.

"मावशी, हॉर्न नका वाजवू. आई गेली."

पहाटेच अटॅक आला होता. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मग चार वर्ग आणि मी एकटी. काय करणार? पलीकडच्या खोलीत टॅब लावला, व्हॉल्यूम फुल केला आणि माझ्या वर्गात आली.

भिंतीतून आवाज आला, "ए मांगचे!"

मी फळ्याकडे तोंड करून रडली.

खरं सांगू? मला बरं वाटायचं. स्कूटीवर मागे कोणी नाही. घरी कुलूप मीच लावते, मीच उघडते. पण शाळा भरली की भिंतीपलीकडे ती होती. दुपारी तिची हाक यायची आणि मी उठून घंटी द्यायची. अख्ख्या शाळेची मधली सुट्टी मेलेल्या बाईच्या हाकेवर व्हायची, आणि आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

मग एक दिवस सहज तिकडे डोकावली. पाठ चालू होता. पहिलीतली आरोही हात वर करून बसलेली. हात दुखला असावा, दुसऱ्या हातानं त्याला टेकू दिलेला.

"काय झालं वं बेटा?"

"मले नाही समजलं. मी कधीची हात वर करून राहिली. मॅडम पाहूनच नाही राहिल्या."

मी तिला जवळ घेतलं.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात गेली. दुसरा शिक्षक द्या म्हटलं.

साहेब हसले. "तुमचं तर टॅबवर मस्त चालू आहे ना, मॅडम! आम्ही बाकी शाळांना तुमचं उदाहरण देतो."

"साहेब, टॅबला वर केलेला हात दिसत नाही."

तरी चपला झिजवाव्या लागल्याच. आणि योगायोग पाहा, नेमके आज नवीन सर आले.

पोरसवदा आहेत, बिचारे घामाघूम झाले होते. पोट्ट्यांनी त्यांना घेरलं, "सर, मॅडम लावा ना!"

सर म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. थोडा वेळ त्या शिकवतील, थोडा वेळ मी."

माणूस चांगला आहे. पण मी नाही म्हटलं.

"सर, तुम्ही पोट्ट्यांकडे पाहा. तेवढंच तिला जमून नाही राहिलं."

आणि टॅब बंद केला.

माझ्या वर्गात येऊन भागाकार घेतला. भिंतीपलीकडून सरांचा आवाज येत होता. मग आरोहीचा आला. मग परत सरांचा, हळू, समजावून सांगणारा. झकास चाललं होतं.

माझे पोट्टे चुळबुळ करायला लागले. मी दटावलं. आणखी एक गणित दिलं. ते झाल्यावर आणखी एक.

शेवटी सर दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, मधली सुट्टी नसते का इथं?"

मी घड्याळ पाहिलं. केव्हाची वेळ होऊन गेली होती. पोट्टे भुकेनं माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी हाकेची वाट पाहून राहिली होती.

उठली. घंटी दिली.

झालं वं ताई तुझं. आज तू न सांगता दिली मी घंटी.

जा आता. आराम कर.

तुझी वंदू