तिचं "हो ना"

अंधेरीच्या ऑफिसात कुणी सुकटीचा डबा उघडला की मला रोज सुकट आणणारी दहिसरची ती मैत्रीण आठवते. आमच्या चित्रकलेच्या ॲपमधलं अनडू-रिडू, म्हणजे मारलेली रेघ मागे घेणं आणि परत आणणं, मी महिनाभर खपून जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं आणि रोज जेवताना तिला समजावलं होतं. डेमोच्या दिवशी तीच उठून म्हणाली, "हे मी केलंय." साहेबांनी तिला विचारलं, "अनडू करून नवी रेघ मारली, की रिडू का चालत नाही?" ती अडखळली आणि माझ्याकडे बघू लागली. सवयीने मीच बोलून गेले, "मागे घेतलेल्या रेघा तेव्हा पुसाव्याच लागतात सर, नाहीतर चित्राचा गोंधळ होतो." साहेब खूश झाले. "वा, तिचं काम तू छान समजून घेतलंयस!" ती हसून म्हणाली, "हो ना." तिने माझं काम घेतलं, ते एक वेळ मी विसरेन, पण ते "हो ना" मला अजून टोचतं.