म्हशीच्या घरात तिळाचं दूध

आमच्या घरी दुधाचा धंदा, आणि माझ्या लेकीला दूध चालायचं नाही. ही बातमी पडेगावात आम्ही सांगायच्या आधीच पसरली. दूध न्यायला येणाऱ्या बाया कॅन पुढं करता करता म्हणायच्या, "म्हशीच्या घरात जन्मली आन् दूध नको म्हणती, लई नखऱ्याची हाय."

आमच्या शेताला लागून प्लॉट पडले होते, त्यांवर फ्लॅट उभे राहिले. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, गिऱ्हाईक वाढलं आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस पळाला. चारा मिळेना. गोठ्यात एकच म्हैस उरली. पाणी टँकरनं यायचं. तेव्हा माझी लेक सव्वा वर्षाची होती. तिला वरचं दूध सुरू केलं, तसे गालांवर आणि कोपरांत लाल चट्टे उठले. पोटात काही ठरेना.

डॉक्टरांनी दूध, दही, तूप बंद केलं. मग सोयाबीन, शेंगदाणे आणि गहूही बंद केले. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मग लेकरानं हवा खायची का?"

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं नाही, तर तिला दवाखान्यात ठेवावं लागेल. तोवर दुधाच्या जागी तिला मानवेल असं काहीतरी शोधा, पण एका वेळी एकच नवीन वस्तू द्या.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. कन्नडजवळच्या खेड्यातून एसटीनं जाऊन-येऊन शिकले. हे मी अजून ऐटीत सांगते, का नाही सांगायचं? त्यामुळं दुकानात मिळणाऱ्या, दुधाऐवजी द्यायच्या पावडरींच्या डब्यांवरचं बारीक छापलेलं वाचायचं काम माझ्याकडं आलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, घेणार का नुसतं वाचणार?"

"वाचून झालं की सांगते," मी म्हणाले. वाचून झालं आणि डबा परत ठेवला. दूध नाही असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात सोयाबीन.

तांदळाची पेज लेकीनं दोन घोट घेतली आणि वाटी माझ्या मांडीवर उलटी केली. नारळाचं दूध पोटाला झेपलं नाही. बदामानं चट्टे आले. मग तीळ. तीळ मला सुचले की आत्याबाईंना, यावर आमचा आजही वाद आहे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, थोडं थोडं देऊन बघा. भिजवलेले तीळ वाटायचे, मलमलच्या फडक्यातून गाळायचे, त्यात नाचणीचं सत्त्व आणि खजूर घालून शिजवायचं. लेक वाटीभर प्यायली, ओठांवर मिशी ठेवून हसली आणि वाटी परत पुढं केली. गाळलेला चोथा म्हशीला. "नातीमुळं हिची चंगळ हाय," आत्याबाई म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणायच्या.

त्या दिवसांत मी ऑफिसातून सुट्टी काढली होती. सुट्टी संपली, तिळाचं काम आत्याबाईंकडं गेलं आणि लेकीच्या कोपरांत चट्टे परत आले. रविवारी मी करायची, तेव्हा जरा बरं. सोमवार आला की पुन्हा तेच. डॉक्टरांकडं जायची वेळ जवळ आलेली. तीळही गेले तर पुढं काय, मला काही दिसेना.

मला आडून बोलता येत नाही. सरळ विचारलं, "आत्याबाई, तुम्ही तिला म्हशीचं दूध पाजता का?"

आत्याबाईंच्या हातातली वैरण हातातच राहिली. "थेंब लावला आसंल तर मला भाकर गोड लागायची नाय. तुझ्याएवढी शिकले नसंल, पर बहिरी नाय मी. डॉक्टर काय म्हणला ते ऐकलंय."

त्या खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी मी म्हणाले, "आज तुम्हीच करा. मी नुसती बसते."

"बस की. माझी परीक्षा घे."

त्यांनी तीळ वाटले, अगदी माझ्यासारखेच. गाळले. मग हात वर करून फळीवरचं दुधाचं पातेलं काढलं.

आमच्यात दुधाचं पातेलं वेगळं असतं. त्यात दुसरं काही शिजवायचं नाही, माझ्या माहेरीही हाच नियम. मी आपली हाताला येईल त्यात, बहुतेक कुकरच्या भाताच्या डब्यात करायची.

"यात का करता?"

"मग कशात करू? तिळाचं आसलं तरी दूधच की. भाजीच्या पातेल्यात? लसणाचा वास लागंल लेकराला. याच्याइतकं चोख भांडं घरात दुसरं नाय."

एरवी ते पातेलं घासून लखलखीत असायचं. पण टँकरच्या पाण्यावर कोण किती धुणार? त्यात ओंजळभर पाणी फिरवायचं आणि ते धुवणही वाया नको म्हणून चहात ओतायचं. मी काठाखालून बोट फिरवलं. नखात साय आली. आत्याबाईंना दाखवली.

त्यांनी माझं बोट धरून उजेडाकडं नेलं. "म्हंजे एवढ्याशानं?"

"एवढ्याशानं."

"आन् मी निवडून निवडून हेच घेत होते."

"सगळ्यात चांगलं भांडं घेतलंत, आत्याबाई. दुसरी कुणी असती तर भाजीच्यात केलं असतं आणि लेक बरी राहिली असती."

त्यांना हसू आलं. मलाही आलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या रिक्षानं शहरात गेल्या आणि स्टीलचं छोटं पातेलं घेऊन आल्या. दुकानदारानं मशीननं नाव टाकताना विचारलं म्हणे, "कुणाचं नाव, मालकाचं का?" आमच्या घरच्या झाडून सगळ्या भांड्यांवर पुरुषांचीच नावं. आत्याबाईंनी नातीचं टाकून घेतलं. टँकरच्या पाण्यातलं तांब्यावर तांब्या ओतून पातेलं धुतलं, आणि तिळाचं फडकंही नवीन काढलं.

डॉक्टरांच्या काट्यावर लेकीला बसवलं तेव्हा कोपरं स्वच्छ होती. काटा सरकला, थोडाच, पण वर. आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "परत बघा, नीट बघा." त्यांनी हसून परत बसवलं. वजन तेवढंच भरलं. दवाखान्यात ठेवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

फ्लॅटमधल्या एका बाईंनी हे ऐकलं आणि कॅन घेऊन आल्या. "आजी, ते तिळाचं दूध मिळेल का थोडं?"

"म्हशीचं हाय, पायजे तेवढं घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "ते दुसरं मालकिणीला इचारावं लागंल. पातेल्यावर नाव तिचं हाय."

मालकीण उंबऱ्यात बसून त्याच पातेल्यावर चमचा बडवत होती.